पान चार, कलम सात

तिएरास ब्लांकास, कोकिंबो, चिली
१४ मार्च २०२३

ओरिएता,

फोनवर तू माझा नंबर बंद केलास, म्हणून हा कागद. पोस्टमनला अजून बंद करता येत नाही.

रविवारी ओवायेहून निघाले तेव्हा तू माझ्या पिशवीत दोन गोष्टी ठेवल्यास. पपईच्या मुरांब्याची बरणी आणि घटस्फोटाचा करारनामा. मुरांबा मुलींनी दोन दिवसांत संपवला. करारनामा अजून टेबलावर आहे, सही न करता. तू म्हणाली होतीस, "पेन्सिलीने फुल्या मारल्यात तिथे सही कर. बाकीचं वाचत बसू नकोस, वकिली भाषा असते, उगाच डोकं दुखेल." मी वाचलं. डोकं दुखलं, तेवढं तुझं बरोबर निघालं.

पान चार, कलम सात. 'दोन्ही पक्ष परस्परांकडून मिळू शकणाऱ्या आर्थिक भरपाईचा हक्क या करारान्वये कायमचा सोडून देत आहेत.' मी त्या ओळीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि विचारलं, याचा अर्थ काय. भांडले नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. एरवी त्या ग्रुपवर कुणाची मांजर व्याली तरी चाळीस निरोप येतात. त्या दिवशी सोळाच्या सोळा माणसं मुकी झाली. पाच मिनिटांत तू मला ग्रुपमधून काढलंस आणि दहाव्या मिनिटाला माझा नंबरही बंद.

अर्थ मला मंगळवारी कळला. इथल्या वस्ती मंडळाच्या हॉलमध्ये दर मंगळवारी दुपारी एक वर्ग भरतो, पेन्शन म्हणजे काय ते समजून घ्यायचा. शिकवणाऱ्या बाई, दोन्या एलियाना, चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. स्वतःची पेन्शन हातात पडली तेव्हा इतक्या संतापल्या, की तेव्हापासून फुकट शिकवतात. वर्गात आम्ही अकरा बायका आहोत आणि एकच पुरुष, आजारी बायकोचं सगळं करणारे सेगुंदो. मी गेले होते एवढंच विचारायला, की घटस्फोटानंतर माझ्यासारखीने म्हातारपणाची सोय कशी करायची. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या खात्याचा उतारा आणायचा होता. माझ्या उताऱ्यावर शून्य पेसो होते. अकरापैकी आठ जणींचं तेच. सेगुंदो म्हणाले, "बरं झालं, हिशेब पटकन उरकेल."

मग दोन्या एलियानांनी नवरा कुठे काम करतो आणि लग्नाला किती वर्षं झाली ते विचारलं. आणि सांगितलं की मुलांसाठी घरी राहिलेल्या बाईला घटस्फोटात भरपाई मागता येते. नवऱ्याच्या पेन्शनच्या खात्यात लग्नाच्या काळात जेवढं जमलं, त्यातल्या अर्ध्यापर्यंतची रक्कम न्यायाधीश बायकोच्या खात्यात वळती करू शकतो. आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली. मला हे आज कळतंय. तू नोटरीच्या कचेरीत वीस वर्षं बसून असले करारनामे टाइप करतेस.

वाल्दोबद्दल मी काही लिहीत नाही. कालामा शहरात त्याने दुसरा संसार मांडला. त्याच्याकडून मला जे अपेक्षित होतं तेच त्याने केलं. तू त्याची बहीण, माझी नणंद. नणंदेने भावाची बाजू घेतली असती तर मी एक तिकीटही खर्च केलं नसतं. पण माझ्या थोरल्या रायेनच्या बाप्तिस्म्याला तू तिला हातांवर धरलंस, पाद्रीसमोर तिची दुसरी आई झालीस, आणि त्या दिवसापासून आपण कोमाद्रे आहोत. नणंद मला लग्नाबरोबर मिळाली. कोमाद्रे मी निवडली होती.

सुनावणी ऑगस्टमध्ये आहे. मी सही करणार नाही.

यास्ना

*

२ एप्रिल

ओरिएता,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, मीच आठवण करून देते.

२०२० साल. टाळेबंदी होती, वाल्दो वर खाणीच्या वसाहतीत अडकलेला, आणि टीव्हीवर बातमी आली की पेन्शनच्या खात्यातले दहा टक्के काढता येतील. ज्यांचं मुळातच थोडं होतं त्यांना तर जवळजवळ सगळंच. आपल्या घरातल्या सगळ्या बायकांचे सरकारी पासवर्ड तुझ्या निळ्या वहीत होते. सासूबाईंचा, तुझ्या मावशीचा, माझा. "तुम्हाला नाही जमायचं, मी करते," असं तू म्हणायचीस आणि आम्हाला बरं वाटायचं. पेन्शन कंपन्या चोर आहेत, निघेल तेवढं काढून घ्या, असंही म्हणालीस. सगळा देश तेच म्हणत होता, खोटं कशाला बोलू.

माझ्या खात्यात होतं ते लग्नाआधीचं. औषधाच्या दुकानात मी चार वर्षं उभी होते, संध्याकाळी पाय सुजून चपलेत मावायचे नाहीत. तेव्हा दर महिन्याला पगारातून कापलेलं ते. पहिल्या खेपेला मोठा टीव्ही आला आणि अंगणात फुगवायचा तलाव. आपल्याकडे डोंगरात माणसं टँकरची वाट बघत होती, आणि मी तो तलाव दोनदा भरला. धाकटी मायते तेव्हा सहा वर्षांची होती. दिवसभर पाण्यातून बाहेर यायची नाही. मी खूश होते. हे मीच लिहिलेलं बरं, नाहीतर तू लिहिशील.

दुसऱ्या खेपेचे पैसे वाल्दोच्या पिकअपच्या पहिल्या हप्त्याला गेले. तू फॉर्म भरलास, मी फोनवर होकार दिला. तो होकार माझा होता. ती पिकअप आता कालामात त्या बाईच्या दारात उभी असते.

मंगळवारी अजून एक गोष्ट कळली. घरी राहणाऱ्या बायकोच्या नावाने नवऱ्याच्या पगारातून दर महिन्याला पेन्शनसाठी पैसे भरता येतात. तशी सोय कायद्यातच आहे, आणि ती आजची नाही, रायेन बालवाडीत होती तेव्हापासूनची. एका पानाचा फॉर्म. माझ्या ओळखीत फॉर्म भरणारी एकच बाई होती.

वर्गात शिकणं सोपं नाही. पेन्शनच्या पैशांसाठी पाच फंड असतात, ए पासून ई पर्यंत. ए मध्ये पैसे जास्त वाढतात आणि जास्त पडतात, ई मध्ये सगळंच हळू. आमच्यातली नोल्फा फोनवर निरोप आला की फंड बदलते. वर्षात सहा वेळा बदलला. बदल व्हायला चार-पाच दिवस लागतात, त्यामुळे बाजार पडून झाल्यावर ती बाहेर पडते आणि चढून झाल्यावर आत येते. दोन्या एलियाना तिला म्हणाल्या, "नोल्फाबाई, तुम्ही दर वेळी बस गेल्यावर थांब्यावर पोचता, आणि तिकीट मात्र काढता." सगळे हसले, नोल्फाही हसली. मी नाही हसले. मला वाटलं, नोल्फा निदान थांब्यावर तरी जाते.

यास्ना

*

२९ एप्रिल

ओरिएता,

तुझं पत्र आलं. नोटरीच्या पाकिटात, टाइप केलेलं, तीन ओळींचं. 'यास्ना, तू वाचायला लागलीस हे चांगलंच आहे. पण माझा भाऊ अठरा वर्षं तीन हजार मीटरवर ट्रकांखाली झोपून काम करतो. तू घरी होतीस.'

तू घरी होतीस. मी हे वाक्य इतक्यांदा वाचलं, की आता त्याला अर्थच राहिला नाही, नुसता आवाज उरला आहे.

मग ऐक घरी काय होतं. सात दिवस तो वर खाणीत, सात दिवस खाली. वरचे सात दिवस ताप, शाळा, गळका नळ, सगळं एकटीने. खालचे सात दिवस तो झोपणार म्हणून मुलींना आणि मला चवड्यांवर चालायचं. २०१२ साली औषधाच्या दुकानाने मला परत बोलावलं होतं. वाल्दो म्हणाला, माझ्या वरच्या आठवड्यात पोरीकडे कोण बघणार. बरोबरच होतं, कुणीच नव्हतं. म्हणून मी नाही म्हणून आले. मी घरी होते म्हणून तो वर जाऊ शकला. तो ज्या ट्रकखाली झोपला, त्या ट्रकचं एक चाक मी धरून बसले होते, असं समज.

आणि स्वतः आली नाहीस ती नाहीस, वर आईला पाठवलंस. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई बसने सव्वा तास आल्या. मी चहा ठेवला, पाव गरम केला, अव्होकाडो कुस्करला. त्यांनी दोन पाव खाल्ले, मग शालीखालचं काढल्यासारखा विषय काढला. वाल्दोची पाठ गेली आहे, गुडघे गेले आहेत, त्याच्या म्हातारपणातलं तू काढून घेणार का, असं विचारलं. मी म्हणाले, "आणि माझं म्हातारपण, दोन्या बेर्ता? ते कुठे ठेवू?"

"तुला काय कमी आहे? दोन मुली आहेत तुला," त्या म्हणाल्या.

रायेन दारात उभी राहून दप्तराची चेन लावत होती. ती शांतपणे म्हणाली, "मी कुणाची पेन्शन नाही हं, आजी."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता पोरीला झापतील. पण त्या म्हणाल्या, "तुझ्या आत्याला मी हेच ऐकवत आले, लग्न केलं नाहीस तर म्हातारपणी तुला कोण बघणार. आता मलाच ती बघते." मग उठल्या. जाताना करारनाम्याचं नाव त्यांनी परत काढलं नाही. बसथांब्यापर्यंत मी सोडायला गेले. तिथे मला म्हणाल्या, "मला सांगितलं होतं तेवढं मी बोलले."

कुणी सांगितलं होतं, ते मी विचारलं नाही.

यास्ना

*

२० जून

ओरिएता,

हे तुला माहीत असेलच, पण माझ्या तोंडून ऐक.

वाल्दोचा फोन आला. आवाज गोड होता. कोर्टकचेऱ्या कशाला, म्हणाला. तीस लाख पेसो रोख देतो, या आठवड्यात, तू कलम सातवर सही कर. मायतेच्या दातांच्या तारा त्यात होतील, अंघोळीचं पाणी तापवायचा गिझर नवा येईल, आणि काही महिने तरी डोक्याला ताप नाही. हा आकडा त्याला सुचलेला नाही. तारांना किती लागतात, हे मी फक्त तुला सांगितलं होतं, जानेवारीत.

मी त्याला लगेच नाही म्हटलं नाही. हे कबूल करायला लाज वाटते, पण लिहिते. मी करारनामा उघडला, पान चार काढलं. पेन हातात घेतलं. तुझी पेन्सिलीची फुली पुसट झाली होती, तरी दिसत होती. मायते समोर गृहपाठ करत होती, तोंडावर हात ठेवून हसत होती. ती नेहमी तशीच हसते, दात दिसू नयेत म्हणून.

मंगळवारपर्यंत थांबायचं ठरवलं, एवढंच केलं. वर्गात मी हात वर केला आणि सगळ्यांसमोर सांगितलं. सरकारी मोफत वकील बाईंच्या मते, वाल्दोच्या खात्यात लग्नानंतरचे सव्वातीन कोटी उरले आहेत. न्यायाधीश त्यातला तिसरा हिस्सा देईल, जास्तही देईल, कमीही. पण तो हातात येणार नाही. साठ वर्षांची होईपर्यंत तो खात्यातच राहणार. मी त्रेचाळीसची आहे. आता तीस लाख, की सतरा वर्षांनी काहीतरी.

दोन्या एलियाना उत्तर देत नाहीत, फळ्याकडे पाठवतात. मला खडू दिला. मी चुकले, पुसलं, पुन्हा मांडलं. वर्षाला किती वाढेल ते थोडं धरलं, त्यांच्या मते फार थोडं. सतरा वर्षांनंतरचा आकडा आला तेव्हा सेगुंदो म्हणाले, "सेन्योरा यास्ना, या पैशाला हात लावता येणार नाही, हीच तर त्याची गंमत आहे. हात लावता आला असता तर माझ्याकडे आज काही उरलं असतं का?" नोल्फा म्हणाली, "तारांसाठी दंतवैद्यकीच्या कॉलेजात जा. तिथे विद्यार्थी लावतात, निम्म्या पैशांत. माझ्या नातवाला लावल्या, जरा वाकड्या लागल्या, पण लागल्या."

मी वाल्दोला 'नाही' असं कळवलं. त्याने फोनवर मला जे म्हटलं ते मी लिहीत नाही. मायतेला बुधवारी दंतवैद्यकीच्या कॉलेजात घेऊन जाते आहे.

मला राग पैशांचा नाही, ओरिएता. माझ्या पोरीचे दात तू त्याच्या हातात किंमत म्हणून ठेवलेस, त्याचा आहे.

यास्ना

*

१८ ऑगस्ट

ओरिएता,

काल सुनावणी झाली. चाळीस टक्के. वाल्दोच्या वकिलाने आत जायच्या आधीच मान तुकवून नवा करार केला, न्यायाधीश बाईंनी तो वाचून मंजूर केला. वीस मिनिटंही लागली नाहीत. अठरा वर्षं आणि वीस मिनिटं. पैसे माझ्या खात्यात यायला काही आठवडे लागतील. फंड मी ठरवला आहे, बी. सतरा वर्षं हातात आहेत, थोडं पडलं तरी वर यायला वेळ आहे. कुणाला विचारलं नाही.

मला वाटलं होतं, आज राग उतरेल. नाही उतरला, आणि त्याचं कारण कोर्टाच्या व्हरांड्यात घडलं.

वाल्दो बाकावर येऊन शेजारी बसला. खांदे पडलेले होते, माणूस म्हातारा दिसायला लागला आहे. म्हणाला, "तू ओरिएतावर उगाच चिडलीस. तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, यास्नाचा यात हिस्सा बसतो, तिला दे. भांडली माझ्याशी. मीच म्हटलं, कलम घाल."

त्याला वाटत होतं, तो तुझी बाजू सावरतो आहे.

मी बसमध्ये सगळा रस्ता यावर विचार केला. मार्चपासून मी तुझ्यावर चिडले होते ते तू गप्प राहिलीस म्हणून. भावासाठी गप्प राहिलीस, असं धरून चालले होते, आणि त्यातलं थोडं तरी मला समजू शकत होतं. पण तू गप्प नव्हतीस. तू बोललीस. तुला कायदा माहीत होता आणि माझा हक्कही माहीत होता. तू भांडलीस सुद्धा. फक्त जो माणूस ते लपवून श्रीमंत होणार होता, त्याला जाऊन सांगितलंस. मी सव्वा तासावर राहते. मार्चमधल्या त्या रविवारी तुझ्याच टेबलाशी बसून जेवले. मला तू मुरांबा दिलास.

वाल्दो अजून एक बोलला, उठता उठता. "तिच्याकडे स्वतःचं तरी काय आहे? पहिली अकरा वर्षं नोटरीने तिच्या नावाने एक पेसो भरला नाही. रोख पगार, हातात. तिलाही म्हातारपणी काही मिळायचं नाही." असं म्हणाला आणि पिकअपकडे गेला. त्याला हे माहीत होतं, तुझ्या आईला माहीत असेल. मला कोमाद्रेने कधी सांगितलं नाही.

आज सकाळी मी दोन्या एलियानांच्या घरी गेले आणि तुझं नाव न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, नोकराच्या पगारातून कापून भरणं मालकाला बंधनकारक आहे, रोख दिलं तरी. जे भरलं नाही ते व्याजासकट मागता येतं, आणि त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही. कामगार कचेरीत अर्ज करायचा. ती ओवायेतच आहे, बाजाराच्या मागे. ती अकरा वर्षं तू तिथे कामाला होतीस, याचा पुरावा मागतील. तो शोधायची गरज नाही. तुमच्या कचेरीतल्या प्रत्येक दस्तऐवजाच्या तळाशी टाइप करणाऱ्याची बारीक आद्याक्षरं असतात आणि तारीख असते. माझ्या करारनाम्यावर पान चारच्या खालीही होती, ओ. आर. सी. तशी हजारो पानं नोटरीच्याच कपाटांत आहेत, त्याच्याच शिक्क्यानिशी.

मी तुला माफ केलेलं नाही. करीन की नाही, ते आज सांगता येत नाही. अर्ज कसा लिहायचा तो नमुना सोबत जोडला आहे, माझ्या हस्ताक्षरात, कारण टाइप करता मला येत नाही. रिकाम्या जागा तू भरायच्या आहेस. सही शेवटी आहे, एकाच ठिकाणी, आणि तिथे मी फुली मारलेली नाही. आधी सगळं वाच.

आणि बघ, हे मी तुला सांगते आहे. तुझ्या नोटरीला नाही.

यास्ना